गोऱ्ह्यांच्या यादीतलं लाल बटण

मोबाइलवरचं बटण बोटाने दाबलं की ते दाबलेलं दिसत राहिलं पाहिजे. आमच्या धंद्यात याहून साधं काम नाही. नव्याने नोकरीला लागलेल्या मुलीला पहिल्या आठवड्यात देतात तसं ते मला दिलं होतं, आणि मी ते दोन तासांत संपवूनही दाखवलं होतं. पुढे त्याच कामाने मला उदगीरच्या बाजूच्या एका माळावर, बेचाळीस गोऱ्हे आणि त्यांच्या मालकांसमोर, आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलायला लावलं. त्या दिवसाबद्दल लिहिणार आहे म्हटल्यावर आई पोळी लाटायची थांबली. म्हणाली, "तू? तू तर रिक्षावाल्यालासुद्धा थांबा म्हणत नाहीस. घर मागे जातं तरी बसून राहतेस."

ते खरं आहे. म्हणूनच लिहिते आहे.

आमचं ऑफिस नांदेडला, विष्णुपुरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, टायरच्या दुकानाच्या वर. आम्ही चौघं. समीरभाई मालक. ते सगळ्यांना मॅडम किंवा सर म्हणतात, चहावाल्यालासुद्धा सर म्हणतात. बाकी दोघं हिशेबाच्या आणि दुकानांच्या ॲपवर काम करतात. मोबाइलच्या पडद्यावर जे दिसतं, हाताला लागतं, ते माझ्याकडे. रंग, बटणं, अक्षरं, कुठे काय सरकतं, कुठे काय थांबतं. मला हे काम फार आवडतं. माणसं पडद्यावर बोट ठेवतात तेव्हा ती कशी आहेत ते कळतं, आणि त्यासाठी त्यांच्याशी बोलावं लागत नाही. भोकरच्या एका बियाणं दुकानाचे मालक प्रत्येक बटण तीनदा दाबायचे. एकदा देवाला, एकदा मला आणि एकदा खात्रीला, असं त्यांनी सांगितलं होतं. मी मुकाट्याने त्यांच्या ॲपमध्ये दुसरा आणि तिसरा दाब मोजायचा नाही अशी सोय करून दिली. देवाचं पोचलं, खात्रीचं सोडून दिलं.

तर एक दिवस समीरभाई म्हणाले, "मॅडम, देवणी बैलवाल्यांचं काम आलंय. मंडळ आहे त्यांचं. गोऱ्हे निवडायचं ॲप पाहिजे. बटण दाबलं की दाबलेलं दिसलं पाहिजे, बास. तुमच्यासाठी तर डाव्या हाताचं काम."

देवणी ही आमच्या भागातली गाईबैलांची जात. लातूर जिल्ह्याच्या त्या टोकाला, जिथे मराठीत कानडी मिसळायला लागते, तिथली. मी नांदेडमध्ये वाढले, इंग्रजी शाळेत शिकले, आणि तोवर माझ्यासाठी बैल म्हणजे बैल होता. मग कळलं की त्यांचे तीन रंग असतात. पांढऱ्या अंगाचा आणि काळसर तोंडाचा तो वानेरा. पोटाखालच्या बाजूला काळे ठिपके असलेला बालंक्या. आणि अंगभर काळे ढग विखुरल्यासारखा दिसतो तो शेवेरा. ही नावं मी ऑफिसात इतक्यांदा म्हणून पाहिली की शेजारचे सहकारी मला शेवेरा म्हणायला लागले.

मंडळाचं काम असं. वर्षातून एकदा गावोगावचे तरणे गोऱ्हे एका माळावर आणायचे. त्यातले थोडे उत्तम निवडून वळू म्हणून ठेवायचे, म्हणजे जात टिकते. काहींबद्दल शंका असेल तर ते पुढच्या वर्षी पुन्हा पाहायचे. उरलेले तिथेच, त्याच दिवशी, भूल देऊन, चिमटा लावून खच्ची करायचे. ते मग औताचे बैल होतात. मालक येतानाच याला कबूल होऊन येतात. निवड करायचे कांबळे डॉक्टर. जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले, उंच, कमी बोलणारे. चिमटा लावायचे गणपतमामा, त्यांच्याच दवाखान्यातले जुने ड्रेसर.

एक रीत मला फार चमत्कारिक वाटली होती. डॉक्टर गोऱ्हा तपासताना निकाल मालकाच्या तोंडावर सांगत नसत. सांगितला की भांडण. माझ्या गोऱ्ह्याच्या गळ्याची पोळी बगा की, चाल बगा की, शेजाऱ्याचा घेतला आन माझा न्हाई. म्हणून सगळे तपासून होईपर्यंत ते गप्प राहायचे, मग बादलीभर गेरू कालवून निवडलेल्या गोऱ्ह्यांच्या पाठीवर आपला पंजा उमटवत जायचे. लाल पंजा ज्याच्या पाठीवर, तो वळू. एका दमात सगळ्यांना दिसायचं, मग भांडायला उशीर झालेला असायचा.

मंडळाच्या बैठकीत मी एकच वाक्य बोलले. "ॲपमध्ये हिरवं, पिवळं, लाल दिसणारच आहे, मग गेरूची गरज नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. समीरभाई परतताना गाडीत म्हणाले, "मॅडम बोलल्या. आज लिहून ठेवतो." मीही खूश होते. एका वाक्यात शंभर वर्षांची बादली रिकामी केली असं वाटलं होतं.

पहिला नमुना घेऊन मी डॉक्टरांच्या अंगणात गेले. सहा गोऱ्हे होते. प्रत्येक गोऱ्ह्यासाठी पडद्यावर एक पट्टी, तिच्यावर कानातल्या बिल्ल्याचा नंबर, मालकाचं नाव आणि तीन बटणं. ठेवा. पुन्हा पाहू. चिमटा. दाबलेलं बटण मी हलक्या राखाडी रंगाचं केलं होतं. ऑफिसात ते फार सुंदर दिसायचं. अंगणातल्या उन्हात डॉक्टरांनी 'ठेवा' दाबलं आणि पडदा कपाळाजवळ नेला.

"दाबलं का न्हाई हे?"

"दाबलंय."

"मला तर दिसंना." त्यांनी पुन्हा दाबलं. माझ्या हिशोबाने दुसऱ्यांदा दाबलं की निवड रद्द. म्हणजे त्यांनी खात्री केली आणि खात्रीनेच निवड गेली.

ही गोष्ट बाहेरच्यांना सांगायला मला मजा येते, कारण दिसायला ती काहीच नाही. दारावरची कडी लावली की ती लागलेली हाताला कळते. टाळी वाजली की कानाला कळते. काचेवर बोट ठेवलं तर काहीच कळत नाही, काच काचच राहते. म्हणून तिथे जे काही कळायचं ते डोळ्याला कळवावं लागतं, आणि माणूस उन्हात आहे, चष्मा घामाने धुरकटलाय, दुसऱ्या हातात गोऱ्ह्याचा कासरा आहे हे धरून कळवावं लागतं. मी तिथेच ओट्यावर बसून रंग बदलले. ठेवा हिरवागार. पुन्हा पाहू हळदीसारखा पिवळा. चिमटा लाल. बटणाला जाड काळी कड. एकाच बटणावर किती का दाबेनात, निवड जाणार नाही. दुसरं बटण दाबलं तरच बदलेल. डॉक्टरांनी सहाही गोऱ्हे पुन्हा दाबून पाहिले आणि म्हणाले, "आता आंधळ्यालाबी दिसंल." एवढं कौतुक मला पुढे कधी मिळालं नाही. परतताना मी बसच्या खिडकीत एकटीच हसत होते.

सहा गोऱ्हे. हा आकडा लक्षात ठेवा. ऑफिसात मी पाच खोटे गोऱ्हे बनवून तपासलं होतं आणि अंगणात सहा खरे होते. डॉक्टरांच्या फोनच्या पडद्यावर एका वेळी आठ पट्ट्या मावत. म्हणजे पडदा खाली सरकवायची वेळच एकदाही आली नव्हती.

निवडीच्या दिवशी माळावर बेचाळीस गोऱ्हे होते.

मी असं दृश्य पाहिलं नव्हतं. चिंचेच्या झाडांना, गाड्यांच्या चाकांना, खुंट्यांना बांधलेले ते पांढरे-काळे देह, धुतलेले, शिंगांना तेल लावलेले. मालक त्यांच्या कपाळावरून हात फिरवत उभे. शेणाचा, घामाचा, भिजवलेल्या पेंडीचा वास. मी डॉक्टरांच्या मागे दोन पावलं चालत होते, हातात लॅपटॉपची पिशवी, कुणी काही विचारू नये म्हणून सतत कुठेतरी पाहत. पण आतून मी उड्या मारत होते. माझी बटणं खऱ्या कामाला लागली होती. डॉक्टर कपाळ पाहायचे, कान, गळ्याची पोळी, खूर, मग गोऱ्ह्याला वीस पावलं चालवायला लावायचे, आणि अंगठा ठेवायचे. हिरवं. पिवळं. लाल.

सात नंबरपाशी ते बराच वेळ थांबले. दिगंबरकाका म्हणून एक सावळे, ठेंगणे गृहस्थ होते, त्यांचा बालंक्या गोऱ्हा. डॉक्टरांनी त्याला तीनदा चालवलं. मग पिवळं दाबलं. मला ते नीट आठवतं, कारण दाबताना ते स्वतःशी पुटपुटले, "मागचा पाय. येत्या साली बगू."

अकरा नंबरला नागरबाई अक्का उभ्या होत्या. साठीच्या पुढच्या, नऊवारीचा काष्टा, खांद्यावर टॉवेल. सगळ्या माळावर मालक म्हणून आलेली ती एकच बाई, आणि मी एकच मुलगी, म्हणून की काय त्यांनी मला नजरेनेच जवळ ओढलं होतं. त्यांचा गोऱ्हा शेवेरा. नाव पाखऱ्या. त्याच्या आईला आणि आजीलाही अक्कांनीच वाढवलं होतं.

"बाप्याहो, हटा जरा," त्या म्हणाल्या. "माझा पाखऱ्या लाजतो गर्दीत. ह्या पोरीवाणी."

लोक हसले. मी पिशवीच्या पट्ट्याशी खेळत राहिले.

डॉक्टरांनी पाखऱ्याला चालवलं आणि त्यांचा चेहराच बदलला. मला जनावरातलं काही कळत नव्हतं, पण आपलं काम उत्तम झाल्यावर माणूस जसा दिसतो तसा तो गोऱ्हा दिसत होता. डॉक्टरांनी फोन वर केला आणि थबकले.

"अरे, हे आदीच लाल कसं?"

अकरा नंबरच्या पट्टीवर 'चिमटा' लाल होता. त्यांनी अजून हात लावला नव्हता.

"माझाच अंगठा लागला असंल," ते म्हणाले. "लई जाड झालाय." आणि त्यांनी 'ठेवा' दाबलं. पट्टी हिरवी झाली.

मी पाहिलं. अंगठा लागलेला नव्हता, कारण मी मघापासून दुसरं काहीच पाहत नव्हते. काहीतरी चुकलंय हे मला त्या क्षणी कळलं आणि काय चुकलंय ते कळलं नाही. नक्की माहीत नसताना काय बोलायचं, असं मी स्वतःला सांगितलं. इतक्या लोकांत, इतक्या मोठ्या डॉक्टरांना, माझ्या शाळेतल्या मराठीत. मी गप्प राहिले आणि त्यांना त्यांच्या अंगठ्याला दोष देऊ दिला. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात वाईट सवय आहे. ॲप चुकतं तेव्हा लोक स्वतःचं बोट तपासतात, आणि आम्ही त्यांना तपासू देतो.

दुपारपर्यंत बेचाळीस झाले. डॉक्टरांनी फोन गणपतमामांच्या हातात दिला आणि भाकरी खायला गेले. गेरूची बादली नव्हती. मीच नको म्हटलं होतं. गणपतमामांनी यादी अंगठ्याने सर्रकन वर नेली आणि वाचायला लागले.

"तीन नंबर. चिमटा."

तीन नंबर बरोबर होता. डॉक्टरांनी लाल दाबलेलं मी पाहिलं होतं. गोऱ्हा आडवा घेतला, भूल दिली, काम झालं.

"सात नंबर. चिमटा."

सात पिवळा होता. मागचा पाय, येत्या साली बगू. पण डॉक्टरांनी नंतर विचार बदलला असेल. मी मध्ये वीस मिनिटं पाणी प्यायला गेले होते, तेव्हा बदलला असेल. दिगंबरकाका गोऱ्ह्याच्या कानात काहीतरी बोलत त्याला घेऊन गेले. मी तोंड उघडलं आणि बंद केलं. चिमट्याचं काम फार वेळाचं नसतं. मी तोंड दुसऱ्यांदा उघडेपर्यंत ते होऊन गेलं होतं, आणि चिमट्याचं काम परत घेता येत नाही.

"अकरा नंबर. चिमटा. नागरबाई, आणा."

अक्कांनी ऐकलं. त्यांनी पाखऱ्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि कासरा सोडायला वाकल्या. कबूल होऊन आल्या होत्या, शब्द फिरवायचा नव्हता.

"थांबा," मी म्हणाले. ते मलाच ऐकू आलं. पुन्हा म्हणाले. शेजारी कुणीतरी पाण्याचा टँकर मागे घेत होतं, त्यात ते गेलं. मग मी चालत गणपतमामांपाशी गेले आणि त्यांच्या हातातल्या फोनवर माझा तळहात ठेवला.

"काय झालं, बाई?"

"हे लाल खोटं आहे. अकरा नंबर हिरवा आहे. मी पाहिलंय. कुणालाही चिमटा लावू नका. फोन चुकीचं दाखवतोय. चूक माझी आहे, डॉक्टरांच्या अंगठ्याची नाही."

शेवटची वाक्यं मी एवढ्या मोठ्याने बोलले की दोन-तीन गोऱ्हे बिचकले. टँकरही बंद झाला होता. सगळा माळ माझ्याकडे बघत होता.

कांबळे डॉक्टर ओल्या हातांनी आले. "सांग," एवढंच म्हणाले.

मी यादी खाली सरकवली, वर सरकवली. आणि माझ्या डोळ्यांदेखत लाल रंग तीन नंबरवरून उठून पंधरावर जाऊन बसला. हिरवा चारावर आला. पुन्हा सरकवलं, पुन्हा दुसरीकडे. भीती वाटायला हवी होती, पण त्या क्षणी मला काय झालं ते प्रामाणिकपणे सांगते. अंगावर काटा आला, आनंदाने. कारण मला कळलं होतं. काय चुकलंय ते पूर्ण, मुळापासून कळलं होतं.

"अर्धा तास द्या," मी म्हणाले. "निवड कुठे गेलेली नाही. तुम्ही जे दाबलं ते आत बरोबर लिहिलेलं आहे. फक्त वर चुकीचं दिसतंय."

डॉक्टरांनी गणपतमामांकडे पाहिलं. मामांनी चिमटा फडक्यावर ठेवला.

मी चिंचेखाली पेंडीच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवून बसले. पाखऱ्याला घेऊन अक्का समोरच येऊन बसल्या. त्यांना दुसरीकडे जायचंच नव्हतं.

"काय करायलीस?"

"दुरुस्त करतेय, अक्का."

"ते दिसतंय. काय मोडलं ते सांग. माझा गोऱ्हा हाय, मला कळाया पाहिजे."

मी बोटं चालवत चालवत सांगायला लागले. मला वाटतं तेवढी मराठी मी त्याआधी सलग कधी बोलले नव्हते. "तुमच्याकडे पंगत उठते ना, अक्का. जेवणारे चाळीस आणि ताटं आठच आहेत असं धरा. मग काय करता?"

"आठ बसवायचे, उठले की ताटं इसळायची, दुसरे आठ."

"फोनही तेच करतो. बेचाळीस पट्ट्या बनवत नाही, थोड्याच बनवतो. वरची नजरेआड गेली की तीच उचलून खाली आणतो आणि नवा नंबर, नवं नाव घालतो. काम लवकर होतं. आता समजा तुम्ही वाढताना ठरवलं, ज्याचा उपास आहे त्याच्या ताटाच्या कडेला कुंकू लावायचं."

अक्का हळूच म्हणाल्या, "आन ताट तसंच दुसऱ्याला गेलं."

"हो."

"म्हंजे त्याचा उपास नसताना त्याला साबुदाणा."

"हो."

"आगं पोरी," त्या म्हणाल्या, "मग कुकू ताटाला कशाला लावलंस? माणसाच्या कपाळाला लावायचं की."

समीरभाईंनी हे मला नंतर दोन तास फळ्यावर आकृत्या काढून शिकवलं असतं, ते अक्कांनी गोऱ्ह्याच्या मानेला खाजवत सांगितलं. रंग पट्टीत ठेवायचा नाही. रंग गोऱ्ह्याच्या नोंदीत ठेवायचा. पट्टी समोर आली की आधी तिचा जुना रंग पुसायचा, मग विचारायचं, तुझ्यावर आता कोण बसलंय? अकरा नंबर? अकराची नोंद काय म्हणते? ठेवा. मग हिरवी हो. बटणाला काहीच आठवत नसतं. आठवण ठेवायची ती दुसरीकडे, आणि बटणाला प्रत्येक वेळी नव्याने सांगायची.

बदललेल्या ओळी मोजल्या तर नऊ होत्या. वायर लावून नवं ॲप डॉक्टरांच्या फोनमध्ये घातलं. अर्ध्या तासाला चार मिनिटं कमी होती. यादी उघडली. अकरा नंबर, नागरबाई, हिरवा. मी खाली गेले, वर आले. हिरवा.

"आण इकडं," अक्कांनी फोन घेतला. त्यांनी पीठ चाळल्यासारखा तो पडदा वर-खाली, वर-खाली केला. पाच वेळा, दहा वेळा. प्रत्येक वेळी अकरापाशी थांबून पदराने काच पुसून बघत होत्या. शेवटी फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि पाखऱ्याला म्हणाल्या, "चल रं. पाणी पी."

मी हसत होते. मग डॉक्टरांनी विचारलं, "सात नंबर?"

मी पडदा वर नेला. सात नंबर, पिवळा. पुन्हा पाहू.

दिगंबरकाका मागेच उभे होते. त्यांना वाचता येत होतं. त्यांनी टॉवेल झटकला, पुन्हा खांद्यावर टाकला. "औताला चालंल माझ्या," ते म्हणाले. "बैल काय वाईट नसतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पर पोरी, तुला आदी दिसलं हुतं नव्हं. आदी बोलायचं."

त्यांना कसं कळलं की मी पाहिलं होतं, हे मी विचारलं नाही. माझ्या तोंडावरच लिहिलेलं असावं.

नोंद खरी करायची होती. सात नंबरचा गोऱ्हा आता खच्ची झाला होता, मग यादीत तो 'पुन्हा पाहू' म्हणून ठेवता येत नव्हता. डॉक्टर अंगठा पुढे करत होते. मी म्हटलं, मी दाबते. आणि सात नंबरच्या पट्टीवर 'चिमटा' मी माझ्या बोटाने दाबला.

त्यानंतर डॉक्टरांनी गावातून गेरू मागवला. बादली आली, त्यांनी बाही वर सारली आणि यादी बघून निवडलेल्यांच्या पाठीवर पंजे उमटवत गेले. पाखऱ्यापाशी आल्यावर अक्का मध्ये उभ्या राहिल्या.

"तुमचा पंजा मोप झाला, डॉक्टर. हिचा लावा."

"मंडळाचा नियम हाय, अक्का."

"मंडळाला म्हणावं, फोनावर पैला पंजा हिनंच ठेवला."

माझा हात लहान आहे. पाखऱ्याच्या पाठीवर तो कुण्या लेकराचा वाटत होता. कातडी गरम होती आणि हाताखाली थरथरत होती. नांदेडला परतेपर्यंत नखांत गेरू होता. समीरभाईंनी ते पाहिलं आणि सगळं ऐकून घेतलं. ओरडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, उद्यापासून ऑफिसात कोणतीही यादी पाचाची बनवायची नाही. दोनशेची बनवायची. आणि तुम्हाला काही खटकलं तर आधी बोला, बरोबर-चूक मागून बघू." दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा अवघड आहे. मी रोज सराव करते.

आता मंडळाच्या यादीत शेकड्यांनी जनावरं आहेत. गेरू आणि ॲप दोन्ही चालतात. डॉक्टरांच्या फोनमध्ये जे हिरवं तेच पाठीवर लाल आहे की नाही, हे गणपतमामा ताडून बघतात आणि मगच चिमट्याला हात घालतात. मला आधी तो माझा अपमान वाटला होता. आता तो मला माझ्या कामाचाच भाग वाटतो.

गेल्या महिन्यात ऑफिसात असताना अक्कांचा फोन आला. त्या नमस्कार-चमत्कार करत नाहीत.

"पाखऱ्याचं पैलं वासरू झालं. गोऱ्हा हाय. तुझ्या त्या फोनात घाल."

"अभिनंदन, अक्का. रंग कोणता?"

"तूच सांग. फोटू धाडलाय."

फोटो उघडला. ओलं, लटपटत्या पायांवर उभं, पांढऱ्या अंगावर काळे ढग. मी यादीच्या तळाला नवी पट्टी उघडली, मालक नागरबाई लिहिलं, आणि तीन रंगांपैकी 'शेवेरा' दाबलं. बटण गडद झालं.

"दाबलं?" अक्का फोनवरून म्हणाल्या.

"दाबलं."

"वर जाऊन ये एकदा."

मी यादी वर नेली. शेकडो पट्ट्या सरकत गेल्या, नंबर मागे मागे जात राहिले, आणि थेट पहिल्या पडद्यावर पोचले. तीन. चार. सात नंबर, दिगंबरकाका, चिमटा. लाल. मी ठेवला होता तसाच. मी बाहीने काच पुसून एकदा पाहिलं. मग परत खाली आले.

"हाय का?"

"आहे, अक्का," मी म्हणाले. "जिथल्या तिथं आहे."